जुन्या लष्करी ड्रोनची छायाचित्रे भिंतीवर लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यात नेमकी कोणती ड्रोन येतात?

चार पंख्यांची, लग्नात उडणारी नव्हेत. ही आहेत १९१८ पासून साधारण १९९१ पर्यंतची वैमानिकाविना उडणारी लष्करी विमाने. १९१८ सालचा अमेरिकेतील डेटनचा ‘केटरिंग बग’ हा त्यांचा पूर्वज. महायुद्ध संपल्यामुळे तो प्रत्यक्ष लढाईत कधी उतरलाच नाही. १९३५ मध्ये ब्रिटनची ‘क्वीन बी’ आली. विमानवेधी तोफांच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून ती उडवली जाई. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियाच्या ‘रेडिओप्लेन’ कारखान्याने अशीच छोटी लक्ष्य-विमाने अमेरिकी सैन्यासाठी सुमारे १५,००० बनवली. १९५१ मध्ये रायन कंपनीचे जेट इंजिनाचे ‘फायरबी’ उडाले आणि त्याचीच टेहळणी आवृत्ती, ‘लायटनिंग बग’, व्हिएतनाम युद्धात वापरली गेली. ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाचे लॉकहीडचे ‘डी-२१’ १९६० च्या दशकातले. शेवटचे टोक म्हणून १९९१ च्या आखाती युद्धातले ‘पायोनियर’ धरता येईल. फायलका बेटावरचे इराकी सैनिक याच ड्रोनसमोर पांढरी फडकी हलवत शरण आले होते.

ड्रोनचे छायाचित्र आणि ड्रोनने काढलेले छायाचित्र, दोन्ही चालतात का?

चालतात, पण दोन्हींना वेगळी वागणूक लागते.

ड्रोनचे छायाचित्र बहुधा सैन्याच्या किंवा कंपनीच्या छायाचित्रकाराने मोठ्या निगेटिव्हवर काढलेले असते. त्यात रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे), स्टेन्सिलने रंगवलेल्या सूचना, यंत्रज्ञांच्या हातावरचे तेलाचे डाग असे सगळे दिसते. त्यामुळे ते मोठे करून लावावे.

ड्रोनने काढलेली चित्रे टेहळणीची. लायटनिंग बग कमी उंचीवरून जाताना त्याचा पॅनोरॅमिक कॅमेरा एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतची पट्टी टिपत असे. अशा फ्रेम लांबट असतात, कडांना ताणलेल्या दिसतात आणि काठावर आकडे किंवा खुणा असतात. या खुणा कापू नका. त्या कापल्या की उरते ते कुठल्याही गावाचे धुरकट हवाई चित्र. काठावरच्या आकड्यांमुळेच ते चित्र कोणत्या उड्डाणातले, कितवी फ्रेम, हे कळू शकते.

टेहळणीच्या चित्रांत बॉम्बहल्ल्यानंतरची शहरेही असतात. ती अभ्यासाच्या खोलीत, नीट टीप लिहून लावायला हरकत नाही. दिवाणखान्यात सोफ्यामागे शोभेसाठी लावू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या खड्ड्यांखाली माणसे होती.

सुरुवात कोणत्या चित्रापासून करावी?

पहिल्यांदाच लावत असाल तर या तीनपैकी एक घ्या.

पहिले, ६ जून १९४१ चे क्वीन बीचे छायाचित्र. चर्चिल आणि त्यांचे युद्धमंत्री डेव्हिड मार्गेसन प्रक्षेपणाची वाट पाहत उभे आहेत आणि शेजारी कॅटपल्टच्या (विमान वेगाने पुढे फेकणाऱ्या यंत्राच्या) रुळावर विमान तयार आहे. दोन पंखांचे हे विमान ‘टायगर मॉथ’ या ब्रिटिश सराव-विमानासारखे दिसते. पण धड लाकडी आहे, कारण ते स्वस्त हवे होते आणि पाण्यात पडल्यावर तरंगायला हवे होते. जमिनीवरचा चालक टेलिफोनसारखी तबकडी फिरवून त्याला वळण, चढ, उतार असे हुकूम द्यायचा. नियंत्रण-पेटीचे जवळून काढलेले चित्र मिळाले तर ते जोडीला लावा. तबकडीचे आकडे वाचता येतील इतके मोठे छापा.

दुसरे, डीसी-१३० विमानाच्या पंखांखाली टांगलेली फायरबी किंवा लायटनिंग बग. रचनेच्या दृष्टीने हे सर्वांत जमणारे चित्र. वर चार पंख्यांचे अवजड मालवाहू विमान, खाली शार्कसारखी निमुळती ड्रोन. लायटनिंग बगचे नाक जवळून दिसत असेल तर तिथे रंगवलेल्या मोहिमांच्या खुणा मोजा. ‘टॉम कॅट’ नावाचे एक ड्रोन ६८ मोहिमा करून परतले होते. नंतर तेही गमावले.

तिसरे, रेडिओप्लेन कारखान्यातली नॉर्मा जीन, म्हणजे पुढची मॅरिलिन मन्रो, हातात ड्रोनचा पंखा घेतलेली. सैन्याचा छायाचित्रकार डेव्हिड कोनोव्हर याने महायुद्धाच्या अखेरीस ‘यांक’ या अमेरिकी सैनिकांच्या मासिकासाठी काढलेली ही मालिका. तिला ड्रोनशी देणेघेणे नसलेलेही ओळखतात, म्हणून ती सगळीकडे विकली जाते आणि सर्वांत वाईट प्रतीही तिच्याच मिळतात.

चांगली फाइल कुठे मिळते?

अमेरिकेचे नॅशनल आर्काइव्ह्ज हे सर्वांत मोठे भांडार, आणि छायाचित्रांचा विभाग मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथे आहे. शोधताना गटक्रमांक माहीत असले की काम सोपे होते: हवाई दलासाठी रेकॉर्ड ग्रुप ३४२, सिग्नल कोअर या सैन्याच्या संदेशवहन विभागासाठी १११, नौदलासाठी ८०. त्यांच्या ऑनलाइन सूचीत ‘ड्रोन’ एवढेच टाकून थांबू नका. त्या काळच्या मथळ्यांत ‘टार्गेट’, ‘पायलटलेस’, ‘रेडिओ कंट्रोल्ड’ असे शब्द असत. विमानाचे लष्करी नाव टाकूनही शोधा: ‘ओक्यू-२’, ‘क्यू-२’, ‘बीक्यूएम-३४’, ‘एक्यूएम-३४’.

रायन कंपनीच्या छायाचित्रांसाठी सॅन दिएगो एअर अँड स्पेस म्युझियमचा संग्रह पाहा. कंपनी त्याच शहरातली, आणि संग्रहातला मोठा भाग फ्लिकरवर खुला आहे. ब्रिटिश चित्रांसाठी लंडनचे इम्पीरिअल वॉर म्युझियम. तिथे ऑनलाइन दिसते ती छोटी प्रत, छापण्याजोगी मागवावी लागते.

सूचीतली लघुप्रत पाहून निराश होऊ नका. मूळ निगेटिव्ह ४×५ इंचाची असेल तर तिचे नवे स्कॅन शुल्क भरून मागवता येते आणि पैसे इथेच खर्च करावेत. फ्रेम नंतरही बदलता येते. वाईट फाइलवर चढवलेली महागडी फ्रेम मात्र वायाच जाते.

कॉपीराइटचे काय? छापून विकता येतील का?

अमेरिकी सैन्यातल्या किंवा सरकारी नोकरीतल्या व्यक्तीने कामाचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्रावर अमेरिकेत कॉपीराइट नसतो. कोनोव्हरने कामावर असताना काढलेली चित्रे यात येतात. पण त्याच छायाचित्रकाराने कामाबाहेर, स्वतःसाठी काढलेल्या चित्रांना हा नियम लागत नाही. दोन्ही चित्रे इंटरनेटवर एकाच ढिगात सापडतात, म्हणून मूळ नोंद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१ जून १९५७ पूर्वीच्या ब्रिटिश सरकारी छायाचित्रांवरचा क्राउन कॉपीराइट संपला आहे. तरीही संग्रहालयाने दिलेली फाइल कोणत्या अटींवर दिली, ते वाचा.

कंपनीने वाटलेली प्रसिद्धीची छायाचित्रे ही वेगळी गोष्ट. रायन, लॉकहीड किंवा नॉर्थ्रॉपच्या छायाचित्रकाराने काढलेले चित्र सैन्याच्या फायलीत सापडले म्हणून ते सरकारी होत नाही. पाठीवर कंपनीचा शिक्का आहे की हवाई दलाचा, यावर सगळे अवलंबून असते.

भारतीय सरकारी छायाचित्रांवर प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे सरकारचा हक्क राहतो. म्हणजे बेंगळुरूच्या एडीई या डीआरडीओ प्रयोगशाळेने घडवलेल्या ‘लक्ष्य’ या आपल्या लक्ष्य-विमानाची सरकारी छायाचित्रे अजून मोकळी नाहीत. ती हवी असतील तर लेखी परवानगी मागा, किंवा बेंगळुरूच्या एचएएल हेरिटेज सेंटरमध्ये ठेवलेल्या ‘लक्ष्य’चे स्वतः चित्र काढून स्वतःच्या भिंतीवर लावा.

विकायचे असेल तर आणखी दोन अडथळे असतात. लष्कराची बोधचिन्हे व्यापारी छपाईवर वापरण्यावर निर्बंध आहेत. आणि मॅरिलिन मन्रोचे नाव मालाच्या वेष्टनावर वापरण्याआधी वकिलाला विचारा, कारण तिथे प्रश्न ट्रेडमार्कचाही येतो.

जुनी मूळ प्रिंट विकत घेतोय. ती खरंच त्या काळची आहे हे कसे ओळखायचे?

आधी पाठ पाहा, पुढची बाजू नंतर. त्या काळच्या प्रिंटच्या मागे शिक्का, निगेटिव्हचा क्रमांक, टाइप करून चिकटवलेली मथळ्याची चिठ्ठी, वृत्तपत्राच्या संपादकाच्या पेन्सिलच्या खुणा यांपैकी काहीतरी असते. पाठ कोरी असली म्हणजे प्रिंट खोटी असे नाही. मात्र विक्रेत्याने पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ केली तर व्यवहार तिथेच थांबवा.

मग अंधारात नोटा तपासायचा अतिनील टॉर्च मारा. फोटोपेपर पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने साधारण १९५० च्या दशकापासून मिसळू लागले. म्हणून ‘१९४१ ची मूळ प्रिंट’ निळसर उजळली तर ती नंतर काढलेली आहे. उजळली नाही तर फक्त एवढेच सिद्ध होते की ती उघडपणे खोटी नाही, कारण नंतरच्याही काही पेपरांत ही रसायने नव्हती.

पाठीला बोट लावून पाहा. गुळगुळीत, प्लास्टिकसारखी लागली तर तो रेझिन-कोटेड पेपर. कृष्णधवल छपाईत तो १९७० च्या दशकात रुळला. त्याआधीची प्रिंट पाठीमागून कागदासारखीच लागते आणि कोरड्या हवेत थोडी वळते.

शेवटी तिरप्या प्रकाशात गडद भागांकडे पाहा. जुन्या चांदीच्या प्रिंटवर काठाकडून निळसर-चंदेरी झाक चढलेली असते. तो वयाचा भाग आहे, पुसायला जाऊ नका. भिंगातून पाहिल्यावर सुटे ठिपके समान अंतराने दिसले तर ते पुस्तकातून किंवा मासिकातून कापलेले पान आहे.

मूळ प्रिंटच भिंतीवर लावावी की प्रत?

प्रत लावावी. मूळ प्रिंट स्कॅन करून, आम्लरहित पाकिटात, कपाटात आडवी ठेवावी. मूळच लावायचा हट्ट असेल तर उजेड ५० लक्सच्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी मंद ठेवा. सूर्यप्रकाश अजिबात नको, आणि वर्षातले काही महिनेच लावा.

घरी स्कॅन कसे करायचे?

साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ८×१० इंचाची प्रिंट उत्तम होते. काच सुती कापडाने कोरडी पुसा. प्रिंटवरची धूळ रबरी ब्लोअरने उडवा, फुंकर मारू नका, थुंकीचे कण प्रिंटवरच्या जिलेटिनच्या थरावर कायमचे डाग पाडतात. सेटिंग असे ठेवा: १६-बिट ग्रेस्केल, ६०० पीपीआय (एका इंचात ६०० पिक्सेल), टिफ फाइल. ऑटो-शार्पन, धूळ काढणे, ऑटो-कॉन्ट्रास्ट हे सगळे बंद. प्रिंट सेपिया झालेली असली तर एक प्रत रंगीतमध्येही करून ठेवा. चारही काठ दिसतील असे स्कॅन करा आणि पाठही करा, ३०० पीपीआय पुरे.

६०० पीपीआयने ८×१० ची फाइल ४८००×६००० पिक्सेलची होते. ती १६×२० इंचावर ३०० पीपीआय भरते, २४×३० इंचावर २००. भिंतीवरचे चित्र आपण चार-पाच फुटांवरून पाहतो, त्यामुळे २०० पुरेसे होते. १२०० पीपीआयने स्कॅन केल्यावर फाइल चौपट होते, तपशील मात्र वाढत नाही, कारण प्रिंटमध्येच तो नसतो. निगेटिव्ह असेल तर गोष्ट वेगळी. ४×५ ची निगेटिव्ह २४०० पीपीआयने ९६००×१२००० पिक्सेल देते, म्हणजे ३२×४० इंच, तेही ३०० ला.

फाइलच्या नावात निगेटिव्हचा क्रमांक घाला. ‘ड्रोन_फायनल_२’ अशा नावाची फाइल पाच वर्षांनी कोणाच्याच उपयोगाची राहत नाही.

फाइल छोटी आहे. एआयने मोठी केली तर?

दुपटीपर्यंत, तेही आकाश आणि धावपट्टीपुरते चालते. त्यापुढे ही साधने तपशील शोधत नाहीत, रचतात. तपासायचे असेल तर विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक आणि अंगावरच्या स्टेन्सिलच्या सूचना शंभर टक्के मोठ्या करून पाहा. अक्षरे अक्षरांसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत. रिव्हेटच्या ओळी मध्येच वळतात. मागे उभ्या सैनिकांची तोंडे एकसारखी होतात. अशी प्रिंट १० फुटांवरून छान दिसते आणि जवळ गेल्यावर खोटी वाटते. त्यापेक्षा ३००० पिक्सेलची खरी फाइल १५ इंचावर छापून रुंद माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत) बसवा. तिची शान वेगळीच असते.

कृष्णधवल चित्र रंगवून घ्यावे का?

आम्ही नाही म्हणू. फायरबीचे लक्ष्य-विमान भडक नारिंगी-लाल असे, कारण ते तोफखान्याला आणि वैमानिकांना दिसायला हवे होते. कृष्णधवल फिल्मवर हा रंग मधल्या करड्या छटेत येतो. स्वयंचलित रंगकाम त्या करड्याला लष्करी हिरवे समजते आणि जे विमान उठून दिसावे म्हणून रंगवले होते, तेच झाडीत लपवायच्या रंगाचे होते. लायटनिंग बगचा रंग तर वेगवेगळ्या मोहिमांनुसार बदलत असे. खात्री असल्याशिवाय रंग भरणे म्हणजे चुकीची माहिती भिंतीवर टांगणे.

मूळ रंगीत स्लाइड आहे, पण सगळी लालसर झाली आहे. काही करता येईल?

बरेच करता येते. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या एक्टाक्रोम या कोडॅकच्या फिल्मवरच्या स्लाइडमधला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी उडतो, म्हणून चित्र गुलाबी-लाल दिसते. कोडॅकचीच दुसरी फिल्म, कोडाक्रोम, अंधारात ठेवलेली असेल तर बहुधा ताजी राहते. दुरुस्तीसाठी १६-बिट रंगीत स्कॅन करा. संपादनात लेव्हल्स उघडा, लाल चॅनल वेगळा निवडा आणि त्याचे दोन्ही टोकांचे त्रिकोण आलेखाच्या कडांपर्यंत सरकवा. मग हिरवा, मग निळा. त्यानंतर धावपट्टीचे काँक्रीट करडे दिसते का पाहा. कातडीचा रंग फसवतो, काँक्रीट कमी फसवते. सावल्यांमध्ये लाल डाग उरले तर तिथला मूळ रंग पूर्ण गेला आहे. तो परत येणार नाही, हे मान्य करून चित्र कृष्णधवल छापा.

कोणत्या कागदावर छापावे? कॅनव्हास चालेल?

कॅनव्हास नको. त्याची वीण रिव्हेट आणि स्टेन्सिल गिळून टाकते. कोपऱ्यांवर चित्र दुमडते तिथे विमानाचे टोक हमखास मागे जाते.

प्रेस फोटोचा मूळ बाज चकचकीत होता, म्हणून बरायटा पेपर (बेरियमचा थर दिलेला चकचकीत फोटो-कागद) आमची पहिली पसंती. काळे खोल उतरते आणि धातूची झळाळी टिकते. समोर खिडकी असेल आणि प्रतिबिंबाचा त्रास होणार असेल तर ३०० जीएसएमच्या पुढचा सुती मॅट कागद घ्या. शाई दोन्हींसाठी पिगमेंटचीच (रंगकणांची) हवी. छपाईवाल्याला स्पष्ट सांगा की कृष्णधवल छपाई करड्या शाया असलेल्या यंत्रावर करायची आहे. साध्या रंगीत लॅबमध्ये कृष्णधवल चित्र टाकले की ट्यूबलाइटखाली ते हिरवट आणि पिवळ्या दिव्याखाली जांभळट दिसते.

आधी ८×१० चा एक तुकडा नमुना म्हणून काढून घ्या. विमानाचे पोट आणि आकाश दोन्ही असलेला भाग निवडा. तो जिथे लावणार त्या भिंतीवर, रात्रीच्या दिव्यात पाहा. मॉनिटरवर बरोबर वाटलेले चित्र भिंतीवर बहुतेक वेळा काळवंडलेले दिसते.

प्रिंट हातात आल्यावर २४ तास उघडी वाळू द्या. ओली शाई काचेखाली बंद केली तर आतून पांढुरकी वाफ धरते.

८×१० चे चित्र १२×१८ च्या तयार फ्रेममध्ये बसेल?

कापल्याशिवाय नाही. ८×१० चे प्रमाण ४:५ आहे, १२×१८ चे २:३. भरायचे म्हटले तर ८ इंचांच्या मापातून जवळपास सहावा हिस्सा जातो, आणि आडव्या चित्रात तो आकाशाचा किंवा धावपट्टीचा असतो. डीसी-१३० च्या चित्रात तर वरचे इंजिन किंवा खालची ड्रोन यांपैकी एक गमावावी लागते. तयार फ्रेम आवडलीच असेल तर चित्र अखंड ठेवा आणि उरलेली जागा माउंटने भरा.

फ्रेमवाल्याला नेमके काय सांगायचे?

हे कागदावर लिहूनच द्या. नाहीतर तो नेहमीच्या सवयीने एमडीएफवर (लाकडाच्या भुश्याच्या दाबीव फळीवर) चिकटवून वर लॅमिनेशन मारून देतो. प्रत असेल तर तेवढ्यावर भागते, पण दमट हवेत एमडीएफच्या कडा फुगतात, लॅमिनेशन उचकटते, आणि चित्र कधीच वेगळे काढता येत नाही. मूळ प्रिंटला लॅमिनेशन कधीही नको.

१६×२० च्या प्रिंटसाठी असे सांगा:

माउंट बोर्ड आम्लरहित, सुमारे २ मिमी जाड, किंचित पिवळसर पांढरा (ऑफ-व्हाइट). दुधासारखा पांढरा घेतला तर जुने चित्र मळकट वाटते. तीन बाजूंना ३ इंच, खाली साडेतीन. माउंटची खिडकी (मधली कापलेली जागा) चित्रावर फक्त ३ मिमी चढावी. प्रिंट फेव्हिकॉलने, सेलोटेपने किंवा दुहेरी टेपने चिकटवायची नाही. वरच्या काठाला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावायच्या, किंवा चार कोपऱ्यांना पारदर्शक पॉलिस्टरचे कोपरे. कागद पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. चारही बाजूंनी चिकटवला तर मधोमध लाटा येतात.

पाठीला हार्डबोर्ड नको, सनपॅक (पोकळ प्लास्टिकचे) शीट किंवा एसीपी (अॅल्युमिनियमचा थर असलेले प्लास्टिकचे पॅनल). दोन्ही ओल शोषत नाहीत आणि वाळवीला त्यात काही मिळत नाही. प्रिंट आणि सनपॅकच्या मध्ये आणखी एक माउंट बोर्ड हवा. पाठीचा सांधा कागदी टेपने चारही बाजूंनी बंद करायचा, कसर तिथूनच आत शिरते. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी टेकू लावायचे, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये ४-५ मिमी हवा राहील.

फ्रेमची पट्टी साधी काळी किंवा सागवानी, पाऊण इंच. सोनेरी नक्षीत डी-२१ शोभत नाही.

काच की अॅक्रिलिक?

१६×२० च्या प्रिंटची अशी फ्रेम काचेच्या मापाने साधारण २२×२६ इंच होते. त्यात २ मिमीची काच सुमारे पावणेदोन ते दोन किलोची, ३ मिमीचे अॅक्रिलिक सुमारे १.३ किलोचे. या आकारापर्यंत काच ठीक. २४×३० ची प्रिंट असेल तर फ्रेम ३०×३६ वर जाते आणि काच साडेतीन किलोच्या घरात. तिथून पुढे अॅक्रिलिक घ्या, शक्यतो अतिनील किरण अडवणारे. लहान मुलांच्या खोलीतही अॅक्रिलिकच. त्याला कोरडे फडके लावले की धूळ आणखी चिकटते आणि अमोनियाच्या स्प्रेने ते धुरकटते. ओलसर मऊ कापड पुरे. काच पुसतानाही स्प्रे कापडावर मारा. काचेवर मारलेला थेंब खालच्या खाचेत उतरून माउंटवर पिवळी रेघ उमटवतो.

मथळा कुठे लिहायचा?

पुढे आणि मागे, दोन्हीकडे. पुढे माउंटवर पेन्सिलने किंवा छोट्या छापील पट्टीवर एकच ओळ: विमान, ठिकाण, साल. मागे पूर्ण नोंद: मूळ मथळा जसाच्या तसा, निगेटिव्हचा क्रमांक, संग्रहाचे नाव, फाइल केव्हा घेतली, कोणत्या कागदावर छापली. मूळ मथळ्यात चूक दिसली तर ती दुरुस्त करू नका, खाली स्वतंत्र ओळीत लिहा. ज्याला नोंद नाही ते चित्र पुढच्या पिढीसाठी ‘आजोबांचे कसलेसे विमान’ होते आणि घर बदलताना रद्दीत जाते.

दोन-तीन चित्रे एकत्र लावायची आहेत. कशी निवडायची?

वेगवेगळ्या देशांची विमाने एका रांगेत लावण्यापेक्षा एकाच विमानाचा प्रवास लावा. लायटनिंग बगसाठी तीन चित्रे नैसर्गिकपणे जुळतात: डीसी-१३० च्या पंखाखाली, सुटल्यानंतर एकटे उडताना, आणि पॅराशूटला लटकलेले असताना हेलिकॉप्टरने हवेतच हुकात धरताना. शेवटचा प्रकार ज्याने प्रथमच पाहिला तो थबकतोच. तिन्हींची छपाई एकाच दिवशी, एकाच कागदावर करून घ्या, नाहीतर काळ्याच्या तीन छटा शेजारी शेजारी दिसतात. दोन फ्रेममध्ये २ इंच अंतर. आधी वर्तमानपत्राचे त्या मापाचे तुकडे भिंतीवर चिकटवून दोन दिवस पाहा.

भिंतीवर टांगताना काय सांभाळायचे?

चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर. सोफ्याच्या वर असेल तर पाठीपासून ६ ते ८ इंच वर. मधोमध एक खिळा आणि दोरी नको, फ्रेम रोज वाकडी होते. पाठीला दोन डी-रिंग, भिंतीत दोन हुक, लेव्हल लावून.

विटांच्या भिंतीत ६ मिमीचे भोक, प्लग आणि स्क्रू पुरेसे. नव्या इमारतींत भिंती सिपोरेक्सच्या (हलक्या काँक्रीट ब्लॉकच्या) असतात. तिथे साधा प्लग आधी घट्ट वाटतो आणि काही महिन्यांनी फ्रेमसकट बाहेर येतो. हलक्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मागा आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात चित्र टिकेल का?

जागा बरोबर निवडली तर टिकते. बाहेरची, पावसाचा मारा खाणारी भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत ही दोन्ही ठिकाणे टाळा. ओल आहे का ते पाहायला एक फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. मागे पाणी धरले तर तिथे काहीच लावू नका. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ती त्याहून वर असते. खोलीत पंखा फिरता राहिला तरी मोठा फरक पडतो. सिलिका जेलची पुडी फ्रेममध्ये टाकून उपयोग नाही. चार-आठ दिवसांत ती भरते आणि मग स्वतःच ओल धरून बसते.

गणपतीनंतर, हवा जरा कोरडी झाली की एकदा फ्रेम खाली उतरवा. पाठीची टेप सुटली आहे का, रबरी टेकू जागेवर आहेत का, माउंटच्या खिडकीच्या तिरप्या कडेवर तपकिरी डाग आले आहेत का, एवढे पाहा.

जुनी प्रिंट काचेला चिकटली आहे. ओढून काढू का?

नाही. ओलीत जिलेटिन मऊ होऊन काचेला बसते. ओढले की चित्राचा थर काचेवर आणि कागद हातात येतो. गरम हवा किंवा पाण्याची वाफही देऊ नका. काचेसकट, फ्रेम तशीच आडवी ठेवा. काच स्वच्छ पुसून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे ठेवून, कॅमेऱ्याने काचेतूनच पूर्ण आकाराचे चित्र टिपून घ्या, म्हणजे निदान प्रत हाती राहील. मग संवर्धकाकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. नेताना फ्रेम उभी धरू नका आणि काच तडकलेली असेल तर तिच्यावर आडवी-उभी कागदी टेप लावा, म्हणजे तुकडे हलून प्रिंट कापणार नाहीत.